आईगट सुरू करताय तर आधी पोरगं कसं खातंय ते बघून आई निवडा (सोलापूरचा अनुभव)

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. दक्षिण सोलापूरची तीन गावं आणि शहरातली एक वस्ती, सहा महिने ते दोन वर्षांची पोरं, प्रत्येक ठिकाणी तीन-चार आया निवडून त्यांना ट्रेनिंग द्यायचं आणि मग त्यांनीच बाकीच्या आयांना शिकवायचं, असा तुमचा प्लॅन आहे. आणि तुम्ही विचारलंय की हे खरंच चालतं का, निवडायचं कुणाला आणि शिकवायचं काय, कारण मागच्या वेळी प्रोजेक्टर लावून केलेल्या कार्यक्रमाला पहिल्यांदा साठ बायका आल्या आणि तिसऱ्या वेळी सात. मी अंगणवाडी सेविका होते, आता रिटायर झाले, शेवटची काही वर्षं असे आईगट चालवलेत, म्हणून जे डोळ्यांनी बघितलं तेच लिहिते. मोठं होणार आहे, भाकरी-बिकरी उरकून निवांत वाचा.

चालतं. पण निवड चुकली तर अजिबात चालत नाही, आणि माझी पहिली निवड चुकली होती. मी काय केलं, बारावी शिकलेली, चुरूचुरू बोलणारी, चार लोकांत न लाजणारी पोरगी घेतली. तिला सगळं पाठ. सहा महिन्यांनी वरचं अन्न, दोन वर्षं अंगावरचं दूध, हात धुणे, सगळं न अडखळता सांगायची. बायका मान डोलवायच्या आणि घरी जाऊन पोराला चहात बुडवलेलं बटर द्यायच्या. दोन महिन्यांनी एकीनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "तिचं काय ओ ताई, तिची सासू दिवसभर लेकरू बघती, आमी इकडं विड्या वळालाव." माझ्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. तिचं बोलणं खरं होतं पण तिचं घर यांच्या घरासारखं नव्हतं.

मग मी उलट सुरुवात केली. वस्तीतल्या सगळ्या पोरांची वजनं-उंच्या रजिस्टरला होतीच, त्यात बघितलं की कमाई तेवढीच, एकच खोली, आई तशीच विड्या वळणारी, आणि तरी पोरगं चांगलं वाढतंय अशी घरं कुठली. तीन सापडली. त्यातल्या एकीकडे मी सकाळी स्वयंपाकाच्या वेळेला जाऊन नुसती बसले. तिला वाचता जेमतेम येत होतं, नवरा यंत्रमागावर, तीन पोरं. तिनं डाळ शिजवली, आणि तिखट-मीठ घालून फोडणी द्यायच्या आधी पळीभर घट्ट डाळ वाटीत काढून ठेवली. त्यात गरम भाकरीचा मधला मऊ भाग कुस्करला, चमचाभर शेंगाचा बारीक कूट, वरून थोडं तेल, आणि बोटांनी घोटून घोटून एकजीव केलं. मी विचारलं हे कुणी शिकवलं, तर म्हणाली "कुणी नाई ओ, तिखट खात नाई म्हणून काढून ठेवते." तिला माहितीच नव्हतं की ती काही वेगळं करतेय! पण बाकीच्या घरांत पोराला काय मिळत होतं, तर तिखट आमटीत चपाती धुवून, नाहीतर वरणाच्या वरचं पाणी.

हे काही माझं डोकं नाही. व्हिएतनाममध्ये १९९० च्या सुमाराला थान्ह होआ प्रांतात जेरी स्टर्निन नावाच्या माणसानं हेच केलं होतं, गरिबातल्या गरीब घरांत पण ज्यांची पोरं धडधाकट आहेत त्या आया काय करतात ते शोधलं, तर त्या भाताच्या खाचरातले बारीक झिंगे-खेकडे आणि रताळ्याचा पाला पोरांच्या भातात घालत होत्या आणि दिवसातनं जास्त वेळा थोडं थोडं भरवत होत्या. मग बाकीच्या आयांना भाषण दिलं नाही, त्यांना जमवून रोज तसंच रांधायला आणि भरवायला लावलं. आणि फार लांब कशाला, आपल्या शेजारच्या जिल्ह्यात जामखेडला आरोळे डॉक्टर पती-पत्नींनी १९७० पासून गावातल्या, त्यातल्या कित्येक अक्षरओळख नसलेल्या बायकांनाच आरोग्याचं काम शिकवलं आणि त्या बायकांनी ते करून दाखवलं. तेव्हा "शिकलेली पाहिजे" ही अट आधी काढून टाका. अट एकच ठेवा, तिचं स्वतःचं लेकरू चांगलं खातं का आणि तिचं घर बाकीच्यांसारखंच आहे का. आणि हो, भाषा! शहराच्या पूर्व भागात तेलुगू बोलणारी आई लागेल, तुमच्या दक्षिणेच्या गावांत कन्नड बोलणारी. मराठीतनं सांगितलेलं त्यांना कळतं सगळं, पण सासूशी वाद घालायचा तर तो घरच्या भाषेतच घालावा लागतो.

एका आईकडे घरं किती द्यायची, हे पण तुम्ही विचारलंय. मोझांबिकमध्ये १९९५ ला असे आईगट ज्या पद्धतीनं सुरू झाले त्यात दहा ते पंधरा बायकांचा एक गट आणि प्रत्येकीकडे शेजारची दहा-पंधरा घरं असा हिशोब होता. माझ्या मते आपल्याकडे विड्या वळणाऱ्या बाईला आठ-दहा घरांच्या वर देऊ नका, तिचा हात थांबला की त्या दिवसाची मजुरी थांबते हे कायम लक्षात ठेवा. मानधन देता येत असेल तर जरूर द्या, थोडं का होईना. फुकट राबवून "सेवा" म्हणायचं हे मला पटत नाही.

आता शिकवायचं काय. तुमच्या यादीत चौदा विषय दिसले. ताई, चौदा नको. पहिल्या दोन महिन्यांत एकच शिकवा, घट्टपणा. का ते सांगते. लहान पोराचं पोट किती, तर वजनाच्या किलोमागे साधारण ३० ग्रॅम, म्हणजे सात किलोचं पोरगं असेल तर एका वेळी मोठी वाटीभर, त्याच्या पुढे जागाच नाही. त्या वाटीत तुम्ही वरणाचं पाणी भरलं तर पोट गच्च झालं, पोरगं रडायचं थांबलं, आई खूश, आणि पोरात गेलं काय तर पाणी. म्हणून आमच्या आया चमचा आडवा करून दाखवायच्या, खाली ओघळलं तर पातळ, चमच्याला धरून राहिलं तर बरोबर. हे अडाण्यातल्या अडाणी बाईला एका मिनिटात कळतं आणि ती जन्मभर विसरत नाही.

घट्ट केलं की पोर तोंडात धरून बसतं, गिळत नाही, ही तक्रार येणारच. त्याला जुना उपाय आहे. गहू किंवा नाचणी रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून मोड आणायचे, कडकडीत वाळवायचे, अगदी हलकं भाजून दळायचं, आणि शिजलेल्या घट्ट खिरीत कोमट असताना त्याचं चमचाभर पीठ ढवळायचं. मोडातला गुण असा की पाणी न वाढवता खीर सैल पडते. जास्त भाजू नका, तो गुण जातो. ज्वारीला मात्र मोड आणून पोरांना देऊ नका, तिच्या कोवळ्या कोंबात विषारी अंश असतो. बाकी ज्वारी बिनधास्त, आपली मालदांडी आहेच, तिच्या कण्या मऊ शिजवून डाळीबरोबर घोटल्या की पोरं मिटक्या मारत खातात. हुलग्याचं माडगं पण चालतं, गूळ न घालता. बाहेरच्या डब्यातल्या पावडरीवर पैसे घालू नका म्हणावं.

प्रमाण लागेलच तुम्हाला. सहा महिने पूर्ण झाले की दोन-तीन चमच्यांनी सुरुवात, दिवसातनं दोन-तीन वेळा, आठव्या महिन्यापर्यंत पाव लिटरच्या वाटीची अर्धी. नवव्यापासून अर्धी वाटी तीन-चार वेळा, आणि वर्षानंतर पाऊण ते पूर्ण वाटी, मधे एखाद-दोनदा केळं वगैरे. अंगावरचं दूध चालूच. पोराची वाटी वेगळी ठेवायला लावा, आईच्या ताटातनं खाल्लं की किती खाल्लं ते कुणालाच कळत नाही. अख्खा शेंगदाणा, फुटाणा देऊ नका, घशात अडकतो. वर्षाच्या आत मध नको. आणि चहा, चहा थांबवायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, त्यानं अन्नातलं लोह अंगी लागत नाही हे सांगून काही होत नाही, त्याऐवजी चहाच्या वेळेला वाटीत दुसरं काय द्यायचं ते ठरवून द्या.

वेगवेगळं खाणं शिकवायला आम्ही तक्ते लावले नाहीत. अंगणात रांगोळीनं आठ चौकोन काढायचो. आईचं दूध, धान्य, डाळी-शेंगा, दूध-दही, अंडं, मटण-मासे, पिवळ्या-केशरी फळभाज्या आणि हिरवा पाला, आणि शेवटचा इतर भाज्या-फळं. प्रत्येक आईनं काल दिवसभरात पोराला जे दिलं त्या चौकोनात ज्वारीचा दाणा टाकायचा, आठातले पाच भरले पाहिजेत. कुणी कुणाला बोलायचं नाही. पहिल्या वेळी बहुतेकींचे दोन-तीनच भरले, एकमेकींकडे बघून गप्प झाल्या, आणि मग त्यांच्यातलीच एक बोलली की माझ्या दारात शेवगा आहे, पाला न्या की. हे मी दहा वर्षं सांगून झालं नव्हतं. ज्यांच्यात अंडं चालत नाही त्यांच्यावर अंड्याची जबरदस्ती करू नका, आपल्याकडे लिंगायत घरं पुष्कळ आहेत, तिथे दही, डाळ, शेंगा आणि पाल्यावर भर द्या, वर लिंबू पिळा.

मे महिन्यात दुपारी बैठक ठेवाल तर कुत्रं येणार नाही, सोलापूरचं ऊन तुम्हाला माहितीये. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या दिवसांत पण नको. विड्या द्यायला कारखान्यात कधी जातात ते विचारून वेळ ठरवा, आणि बैठक म्हणजे चूल पेटलीच पाहिजे. प्रत्येकीनं घरनं मूठभर काहीतरी आणायचं, तिथेच शिजवायचं, हात साबणानं धुऊन (तंबाखूचे हात असतात, हे फार महत्त्वाचं) तिथेच भरवायचं. जी सांगते की माझं खातच नाही, तिचं पोरगं दुसऱ्या पोरांच्या घोळक्यात बसून अर्धी वाटी संपवतं, आणि तिच्या चेहऱ्यावर जे येतं ते बघायला मी मैल मैल चालले असते.

सासूला वगळू नका. "आमी काय पोरं वाढवली नाईत का ओ?" हे ऐकावं लागेलच. आम्ही दर तिसरी बैठक सासवांची ठेवली आणि पहिला प्रश्न हाच विचारला की तुमच्या वेळी पोराला काय द्यायचे. माडगं, कण्या, आंबील, सगळं त्यांच्याच तोंडून बाहेर आलं. मग सुनेनं तेच केलं तर बोलायला जागाच उरली नाही.

आता एक गोष्ट मनावर दगड ठेवून सांगते. तुम्ही लिहिलंय की वर्षभरात पोरांची उंची वाढलेली दाखवायची आहे. असं कबूल करू नका कुणाला. झारखंड-ओडिशात बायकांचे गट आणि घरभेटी यांचा मोठा अभ्यास झाला, निकाल २०१७ ला आला, त्यात खाण्यातली विविधता वाढली, कमी वजनाची पोरं कमी झाली, पण उंचीत म्हणावा असा फरक पडला नाही. आपल्या राज्यात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांच्या आतली शंभरातली ३५ पोरं वयाच्या मानानं खुजी होती, आणि सहा ते तेवीस महिन्यांच्या पोरांत पुरेसं आणि नीट खाणं मिळणारी देशभरात शंभरात फक्त ११. याच्या मागे आईचं स्वतःचं कमी वजन, लवकर लग्न, पाठोपाठ बाळंतपणं, जुलाब, मजुरी असं बरंच आहे. ज्या घरात डाळच विकत आणता येत नाही तिथे आईला डाळीचे फायदे सांगणं हा तिचा अपमान आहे. तिथे आधी रेशन कार्ड, अंगणवाडीचा घरपोच आहार चालू आहे का ते बघा.

आणि तुमच्या निवडलेल्या आयांना दंडाचा घेर मोजायची पट्टी लावायला नक्की शिकवा. ११.५ सेंटिमीटरच्या आत दंड, किंवा दोन्ही पायांवर सूज, पोरगं मलूल, खायलाच बघत नाही, तर तिथे गटाचं काम नाही, त्याच दिवशी आशाला किंवा सेविकेला कळवायचं आणि दवाखाना. आमच्या गटातल्या एका आईनं असंच शेजारचं पोरगं उचलून स्वतः रिक्षानं नेलं होतं, घरच्यांनी आधी नको म्हटलेलं. ते आता शाळेत जातं.

पहिल्या भेटीला जाताना वही-पेन नेऊ नका. एक वाटी, एक चमचा, आणि जिच्या घरी जाताय तिच्या स्वयंपाकाची वेळ विचारून जा. तीन घरं बघून झाली की इथेच लिहा काय दिसलं ते, पुढचं बोलू.