पहिल्या सिंगलसाठी पट्टी उतरवू का?

तुमचं पहिलं सिंगल, म्हणजे एकच सुटं गाणं, येतंय, आवाज बारीक आणि वरचा आहे, घरचे पट्टी उतरवायला, म्हणजे 'सा' खाली घेऊन गायला सांगतायत आणि लोक हसतील का, असं तुम्ही विचारलंय.

नका उतरवू. मी उतरवली होती. सात वर्षं झाली, अजून डाचतं.

चाल माझीच, काळी पाच या पट्टीतली. अंतरा तार गंधारावर, म्हणजे वरच्या सप्तकातल्या 'ग'वर जाऊन थांबायचा. रेकॉर्डिंगला दादा काचेपलीकडे बसला होता, पैसे त्यानेच घातले होते. पहिला टेक संपला आणि हेडफोनमध्ये त्याचा आवाज आला, "अगं, कानाला टोचतंय. लोक पहिल्यांदा ऐकणार तुला." ट्रॅक खालच्या पट्टीत, पांढरी पाचवर आणला. गंधार आरामात लागला आणि तिथेच गाणं गेलं. त्या सुराकडे चढताना जीव ओढला जायचा, ते उरलंच नाही. मुखड्यातला मंद्र पंचम, खालच्या सप्तकातला 'प', तर नुसता श्वासात विरला. गाणं आल्यावर सगळ्यांनी "छान", "गोड" लिहिलं. हसलं कोणी नाही. पण पुन्हा लाव, असंही कोणी म्हणालं नाही.

लतादीदींच्या पातळ आवाजाचा किस्सा सगळ्यांना पाठ आहे, म्हणून दुसरं सांगते. केट बुश, इंग्लंडची गायिका, तेव्हा १९ वर्षांची. ईएमआय या रेकॉर्ड कंपनीला तिचं वेगळंच गाणं आधी काढायचं होतं. ती अडून बसली की 'वदरिंग हाइट्स'च. एमिली ब्राँटेच्या त्याच नावाच्या कादंबरीतली मेलेली कॅथी खिडकीशी येऊन हाक मारते, तिच्या तोंडचं ते गाणं. भूत ते, खर्जात कशाला गाईल? जानेवारी १९७८ मध्ये सिंगल आलं. टीव्हीवर त्या आवाजाच्या नकला झाल्या, आणि मार्चमध्ये तेच गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर जाऊन ४ आठवडे तिथे राहिलं. स्वतः लिहिलेलं गाणं गाऊन तिथवर पोचलेली ती पहिली बाई. १९८६ मध्ये एका संग्रहासाठी तिनेच ते पुन्हा गायलं, तेव्हा आवाज भरदार झाला होता. मला ते भावत नाही. खिडकीबाहेरची कॅथी त्यात नाही.

लोक हसतील का? काही हसतील. ज्याची नक्कल करता येते तो आवाज लक्षात राहिलेला असतो, एवढं मी ठामपणे सांगते.

हां, वर जाताना घसा आवळत असेल, सूर उतरत असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा गुरूंना विचारा आणि खुशाल अर्धा सूर खाली या. पण गुरूंना, पैसे घालणाऱ्याला नाही. दादा अजून म्हणतो की त्याने मला हसं होण्यापासून वाचवलं. माया होती त्याची, मान्य. पण ऐकणाऱ्यांनी काय ठरवलं असतं, ते त्यांना ठरवू द्यायला हवं होतं.

दादा, तू हे वाचशीलच. काळी पाचचा टेक माझ्याकडे पेनड्राइव्हवर आहे. रविवारी येते. अंतरा पुन्हा ऐक.