लिंबू पिळलं की फसफसणारा दगड

प्रश्न : विहीर खोदताना काळ्या दगडाच्या पोटात पांढरे खडे निघाले. लिंबू पिळलं की फसफसतात. पोरगा म्हणतो, हा कार्बोनेटाइट, यात महागडी खनिजं असतात. खरं का? — एक शेतकरी, शहादा

उत्तर : भाऊ, पोराची हुशारी मान्य, पण घाई नको. खडा फोडून पाहा. तिरप्या, चकचकीत पैलूंनी तुटला तर तो कॅल्साइट, लिंबानं फसफसणारं साधं खनिज. बेसॉल्टच्या, म्हणजे आपल्या काळ्या दगडाच्या, पोकळ्यांत पाण्यातून साचलेला. आपल्या खानदेशात तो ठिकठिकाणी निघतो.

कार्बोनेटाइट थेट शिलारसापासून, म्हणजे वितळलेल्या खडकापासून बनतो आणि त्यात निम्म्याहून जास्त कार्बोनेट खनिजं (कॅल्साइटसारखी) असतात. नायोबियम धातू देणारं पायरोक्लोर हे खनिज आणि दुर्मीळ मृदा मूलद्रव्यं (रेअर अर्थ) त्यात सापडतात. चीनच्या बायान ओबो खाणीची कीर्ती त्यामुळेच. टांझानियातल्या ओल दोइन्यो लेंगाई ज्वालामुखीतून तर आजही असा रस वाहतो, जेमतेम पाचशे-सहाशे अंशांचा. बेसॉल्टचा अकराशेच्या वर.

पोराला खरा कार्बोनेटाइट दाखवायचाय? नर्मदेपलीकडे छोटा उदेपूर जिल्ह्यात आंबा डोंगर आहे. तिथे कार्बोनेटाइटचं गोल कडं आहे आणि फ्लोराइट या खनिजाचा मोठा साठाही. वय सुमारे 6.5 कोटी वर्षं, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाच्याच काळातलं.

तुमचे खडे विकून विहिरीचा खर्च काही निघणार नाही.