टाळ्या मिळाल्या, मुद्दा राहिला

सप्रेम आशीर्वाद.

परवाच्या वादविवादात टाळ्या तुलाच पडल्या, पण वाद तू जिंकलीस असं मला वाटत नाही.

पुण्यातल्या वेताळ टेकडीवरून बालभारती-पौड फाटा रस्ता नको, ही तुझी बाजू. समोरच्या मुलाने लॉ कॉलेज रस्त्यावरच्या कोंडीचं काय, असं विचारलं. प्रश्न रास्त होता. तू म्हणालीस, "वडिलांचा बांधकामाचा धंदा, मग रस्ता हवाच असणार!" सभागृह हसलं. तो बिचारा उरलेला वेळ वडिलांची बाजू सावरत बसला आणि टेकडी राहिली बाजूलाच. अगं, त्याचे वडील शाळामास्तर असते तर कोंडी कमी झाली असती का? तुझ्याकडे उत्तर होतं की! रस्ता वाढवला की वाहनंही वाढतात, शिवाय टेकडीवर मुरणारं पावसाचं पाणी खालच्या भूजलाला मिळतं. यातलं एक अक्षर तुझ्या तोंडून निघालं नाही.

कोणाचे हितसंबंध विचारूच नयेत, असं मी म्हणत नाही. "मी स्वतः पाहणी केली आहे, माझ्यावर विश्वास ठेवा," असं कोणी म्हणालं, तर पाहणीचे पैसे कोणी दिले हे जरूर विचार. तिथे माणसाचा शब्द हाच पुरावा असतो. पण तो आकडे आणि कारणं मांडत असेल, तर तीच तपासायची. नगरसेवकाचा पक्ष काढून त्याच्या अंदाजपत्रकातली चूक सापडत नाही.

आपल्या पुण्याला ही खोड जुनीच आहे. आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली याच शहराने. त्याने बालविवाहाविरुद्धचा त्यांचा एक तरी युक्तिवाद खोडला गेला का? आणि ही खोड सनातन्यांनाच असते असं समजू नकोस. आपल्या बाजूची माणसंही "अमक्या पेठेतला, दुसरं काय बोलणार" म्हणून मोकळी होतात. मला त्यांचाच जास्त राग येतो.

पुढचा विषय नदीकाठ सुधारणेचा आहे म्हणालीस. तुझं भाषण नंतर लिही. आधी प्रकल्पाच्या बाजूने पानभर लिही, अगदी मनापासून, आणि त्याच मुलाला वाचायला दे. "हो, मला हेच म्हणायचंय," असं तो म्हणाला, की मग पूररेषेचं घेऊन बसू. रविवारी सकाळी मी घरीच आहे. त्यालाही आण.