'रँडम'ला एकच मराठी शब्द पुरत नाही

प्रश्न असा आलाय की वेब प्रोग्रामिंगचे धडे मराठीत लिहिताना 'रँडम नंबर'ला काय म्हणायचं, यादृच्छिक, स्वैर की अनियमित?

अनियमित नकोच. पेपरात 'अनियमितता' छापून आली की कुणीतरी पैसे खाल्लेत हेच डोक्यात येतं. स्वैरमध्ये मनमानी आहे, तोही नको. यादृच्छिक बरोबर आहे, यदृच्छा म्हणजे आपसूक, योगायोगाने, गीतेतल्या 'यदृच्छालाभसन्तुष्टो'मधली तीच, आणि संख्याशास्त्रात 'यादृच्छिक नमुना' कधीचा रुळलाय.

पण सगळीकडे हाच शब्द चिकटवला तर वाचणाऱ्याचं नुकसान होतं असं मला मनापासून वाटतं, कारण रँडम म्हणताना आपण वेगवेगळ्या गोष्टी मागत असतो.

२०१० मध्ये युरोपात मायक्रोसॉफ्टला विंडोजवर ब्राउझर निवडायचा पडदा दाखवावा लागला, त्यात पहिले पाच ब्राउझर दर वेळी वेगळ्या क्रमाने यायला हवे होते. कोड लिहिणाऱ्याने यादी सॉर्टला, म्हणजे क्रम लावणाऱ्या फंक्शनला दिली आणि तुलनेच्या जागी 'शून्य पूर्णांक पाच वजा मॅथ डॉट रँडम' असं ठेवलं (मॅथ डॉट रँडम म्हणजे जावास्क्रिप्टमध्ये शून्य ते एकमधला कुठलाही आकडा देणारं फंक्शन, म्हणून उत्तर कधी अधिक, कधी उणे). आता सॉर्ट विचारतं या दोघांत पुढे कोण, आणि त्याच जोडीला दर वेळी तेच उत्तर अपेक्षित असतं, इथे दर वेळी छापा-काटा, त्यामुळे क्रम सॉर्टच्या आतल्या रचनेवर झुकला आणि मायक्रोसॉफ्टच्याच इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये तपासलं तेव्हा एक्स्प्लोररच जवळपास निम्म्या वेळा शेवटच्या जागी. आकडे ठीक होते, पिसणं चुकलं होतं. आणि 'पिसणे' हा आपला शब्द इथे किती नेमका बसतो बघा, पत्ते पिसतो तसंच, शेवटच्या पत्त्यापासून सुरू करायचं, तो धरून उरलेल्यांतला कुठलाही एक उचलून त्याच्याशी जागा बदलायची, मग एक घर मागे यायचं. याला फिशर-येट्स म्हणतात. 'शफल'ला 'यादृच्छिक पुनर्रचना' लिहू नका प्लीज.

दुसरी गोष्ट पासवर्ड रीसेटच्या लिंकची, तिच्यातला आकडा कुणी ओळखला तर खातंच त्याच्या हाती. क्रोमच्या व्ही८ या जावास्क्रिप्ट इंजिनने २०१५ च्या शेवटी मॅथ डॉट रँडमची आकडे काढायची जुनी पद्धत टाकून 'एक्सॉरशिफ्ट १२८ प्लस' ही घेतली, आकडे आधीपेक्षा खूपच छान पसरतात, तरी लागोपाठचे थोडे आकडे हाती लागले की पुढचा आकडा गणिताने काढता येतो. म्हणजे यादृच्छिक दिसतो पण अटकळ बांधता येते. इथे आपल्याला हवाय तो अटकळ न लागणारा आकडा, तो ब्राउझरमध्ये क्रिप्टो डॉट गेट रँडम व्हॅल्यूज हे फंक्शन देतं, सर्व्हरवरच्या पीएचपी भाषेत आवृत्ती ७ पासून रँडम इंट.

म्हणून धड्यात मी असं लिहीन: 'फाशासाठी यादृच्छिक आकडा घ्या, यादी पिसून घ्या, आणि रीसेटच्या लिंकमध्ये अटकळ न लागणारा आकडा टाका.'