आनुवंशिक, वंशपरंपरागत आणि जन्मजात

कोथरूडच्या एका ताईंनी विचारलं आहे: भाच्याला थॅलेसेमिया मेजर (शरीरात हिमोग्लोबिन नीट न बनण्याचा रक्ताचा गंभीर आजार) आहे. डॉक्टर म्हणतात आजार आनुवंशिक, घरचे म्हणतात आमच्या सात पिढ्यांत कुणाला नव्हता, मग तो नुसता जन्मजात नाही का? आणि शब्द 'अनुवंशिक' की 'आनुवंशिक'?

ताई, डॉक्टरांचा शब्द बरोबर आहे. 'आनुवंशिक' म्हणजेच 'वंशपरंपरागत' असं आपण धरून चालतो, तिथे घोळ होतो. वंशपरंपरागत म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या उघड चालत आलेलं: वाडा, वतन, पौरोहित्य. आनुवंशिक गोष्टीला दिसण्याची अट नाही. ती आईवडिलांच्या जनुकांतून आली, एवढं पुरे. थॅलेसेमियाशी संबंधित जनुकाची एक प्रत आईकडून येते, एक वडिलांकडून. एकच सदोष असेल तर माणूस 'मायनर': हिमोग्लोबिन जरा कमी, बाकी धडधाकट. कित्येकांना आयुष्यभर पत्ता नसतो. दोन्ही प्रती सदोष असतील तर 'मेजर'. नवराबायको दोघेही मायनर असले, तर बाळ मेजर होण्याची शक्यता २५ टक्के, आणि ती दर गरोदरपणात तेवढीच. पहिलं मूल मेजर झालं म्हणून पुढची तीन सुटली, असा हिशेब कृपा करून कुणी करू नये.

आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या ग्रेगोर मेंडेलने १८६६ साली हेच, गुण दडून राहतो हे, वाटाण्यात दाखवलं. गोल आणि सुरकुतलेल्या दाण्यांच्या संकरात पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल. पुढच्या पिढीत ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेले. दडलेल्या गुणाला पाठ्यपुस्तकं 'अप्रभावी' म्हणतात. मला 'सुप्त' अधिक पटतो, कारण तो गुण नाहीसा झालेला नसतो. 'पोरगी आजीवर गेली' म्हणणाऱ्या आपल्या बायकांना हे पूर्वीच ठाऊक होतं!

'जन्मजात' फक्त वेळ सांगतो, कारण नाही. गरोदरपणी आईला रुबेला झाल्यामुळे आलेला बाळाचा बहिरेपणा जन्मजात, पण आनुवंशिक नव्हे. उलट हंटिंग्टनचा आजार (मेंदूचा एक आजार) आनुवंशिक, पण लक्षणं बहुधा तिशी-चाळिशीत दिसतात. थॅलेसेमिया मेजरला दोन्ही शब्द चालतील. कारण सांगायचं तर 'आनुवंशिक'च हवा.

लेखन 'आनुवंशिक'च. 'इक' लागला की पहिल्या स्वराची वृद्धी होते, म्हणजे इथे 'अ'चा 'आ' होतो: समाज-सामाजिक, अनुषंग-आनुषंगिक. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातही 'आनुवंशिकता' असंच आहे.

आणखी एक. तुम्ही भाच्याच्या सख्ख्या आत्या किंवा मावशी असाल, तर तुम्हीही मायनर असण्याची शक्यता बरीच आहे. एचबीए-टूची (हिमोग्लोबिनच्या एका प्रकाराची) रक्ततपासणी करून घ्या, आणि तुम्ही मायनर निघालात तर मुलांचीही, त्यांच्या लग्नाआधी.