पावसाळ्यात बंद ठेवू नका, तिथूनच सुरुवात करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोसायटीतली ५ ते ९ वयाची १५ मुलं, रविवारची सकाळ आणि घराजवळ वेताळ टेकडी. तुम्हाला बारा महिन्यांच्या उपक्रमांचं वेळापत्रक हवंय. पावसाचे चार महिने सुट्टी द्यावी का, हेही विचारलंय, आणि पालकांच्या मनात सापांची धास्ती आहे. मी पुण्यात गेली ११ वर्षं असाच एक गट चालवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

वेळापत्रक मात्र देत नाही. पहिल्या वर्षी मीही ते केलं होतं. एका रविवारी पानांची रांगोळी, दुसऱ्या रविवारी दगड रंगवणं, तिसऱ्या रविवारी पक्ष्यांची यादी. मुलं वर्षभर माझ्या तोंडाकडे बघत राहिली, पुढे काय करायचं ते विचारत. त्याऐवजी एक काम करा. टेकडीवर एकच जागा ठरवा आणि दर रविवारी तिथेच जा. आमच्याकडे एक उंबराचं झाड आहे, बसता येतील असे तीन मोठे दगड, थोडा उतार आणि पावसात वाहणारा एक ओघळ. एवढं पुरतं. तीच जागा पुन्हा पुन्हा बघितली की मुलांना मागच्या वेळचं आठवतं. "इथे मुंग्यांचं वारूळ होतं, कुठे गेलं?" हा प्रश्न नव्या जागी कधीच पडत नाही.

दुसरं, पहिला अर्धा तास सांभाळा. टेकडीवर पोचल्यावर शहरातली मुलं २०-२५ मिनिटं कंटाळतात. पाय दुखतात, तहान लागते, "आता काय करायचं?" सुरू होतं. या वेळात मोठ्यांचा हात हमखास एखाद्या खेळाकडे जातो. तो आवरा. दगडावर शांत बसा, स्वतः काहीतरी करत राहा. मी काडी घेऊन माती उकरत बसते. अर्ध्या तासाने कोणीतरी एक जण काठी ओढायला लागतो, त्याच्यामागे दुसरा, आणि मग दोन तास कमी पडतात. हा कंटाळा मधेच मोडला, तर पुढचं काहीही त्यांचं स्वतःचं राहत नाही.

आता पाऊस. सुट्टी देऊ नका, वर्षाची सुरुवातच मृगात करा. पहिले एक-दोन पाऊस पडून माती भिजली की मृगाचे किडे बाहेर येतात, लाल मखमलीचे. ते फार दिवस दिसत नाहीत, त्यामुळे तो रविवार चुकवू नका. आमच्या गटात एक सहा वर्षांची मुलगी होती. मातीला हात लावायची नाही, बसायलाही रुमाल अंथरायची. एक मृगाचा किडा त्या रुमालावर चढला. तिने बोट लावल्याबरोबर त्याने पाय आखडून घेतले आणि तो नुसता मखमली मणी झाला. ती वाट बघत बसली. मग हळूच एक पाय, मग दुसरा. तो रुमालावरून उतरून चालायला लागला, तशी ती त्याच्यामागे सरकत गेली, आणि थोड्या वेळाने बघते तर ही ओल्या मातीवर पालथी पडून पाय मोजतेय. "आठ आहेत! किड्याला सहा असतात ना?" मी लगेच उत्तर दिलं नाही. आठवडाभर तो प्रश्न तिच्या घरी, शाळेत फिरला. पुढच्या रविवारी तीच सांगत आली की हा कोळ्याच्या गोतातला आहे, नावापुरता किडा. नाव आणि माहिती सांगायची घाई करू नका, ती यासाठी.

जुलैत ओघळ वाहायला लागला की बांध. दरवर्षी मुलं आधी मुरुमाचा बांध घालतात, तो पाझरतो आणि फुटतो. मग दगड रचतात, फटीतून पाणी जातंच. दोन-तीन रविवार असेच जातात. मग कोणाला तरी उताराच्या खाली चिकट काळी माती सापडते आणि ती ओंजळीओंजळीने वर येते. मोठी मुलं मुकादम होतात, लहानांना फक्त माती आणायला लावतात, भांडणं होतात. मारामारीवर येईपर्यंत मी मधे पडत नाही. एका वर्षी लहानांनी संप करून वरच्या बाजूला स्वतःचा बांध घातला, त्यामुळे मोठ्यांचं पाणीच बंद झालं. त्यानंतरचा तह मुलांनी स्वतः केला. हे सगळं मी ठरवून घडवू शकले नसते.

पावसासाठी गमबूट नकोत, त्यात पाणी भरतं आणि मुलं घसरतात. मागे पट्टा असलेल्या सँडल, जुनी पूर्ण लांबीची पँट, रेनकोट आणि पिशवीत कोरड्या कपड्यांचा जोड. थर्मासमध्ये सुंठ घातलेलं गुळाचं गरम पाणी न्या, भिजलेली मुलं त्यावर तुटून पडतात. पायाला जखम असेल तर झाकून घ्या. वाहत्या पावसाच्या पाण्यात खेळू द्या, पण कचऱ्याजवळच्या साचलेल्या डबक्यात नाही. उंदरांच्या मुतामुळे लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा ताप) होतो. नुसत्या पावसाने मी रविवार रद्द करत नाही. सोसाट्याचा वारा असेल किंवा वीज कडाडत असेल तर मात्र हमखास करते. विजेचा जोर वळवाच्या आणि परतीच्या पावसात जास्त असतो. पुण्याच्याच आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' नावाचं मोफत ॲप आहे, ते जवळपास पडणाऱ्या विजेची सूचना देतं. निघण्यापूर्वी ते बघायची सवय लावून घ्या.

सप्टेंबरात सोनकी पिवळी होते, तेरडा फुलतो. तेरड्याच्या फुगलेल्या बोंडाला हात लावला की ते फटकन फुटून बिया उडतात, यात तासभर सहज जातो. ऑक्टोबरमध्ये गवत वाळून मोज्यांत कुसळं घुसतात. ती घरी न काढता तिथेच बसून काढा आणि भिंगाखाली बघा.

थंडीचे दिवस पालकांना सगळ्यात सोपे वाटतात, पण माझ्या हातून सगळ्यात मोठी चूक झाली ती थंडीतच. दुसऱ्या वर्षी जानेवारीत मुलांना मुळशीच्या बाजूला नेलं होतं. जागा आधी पाहिली नव्हती. कुंपणावरच्या वेलाला सोनेरी लव असलेल्या शेंगा लटकत होत्या. मखमल दिसली म्हणून एका सात वर्षांच्या मुलाने त्या तोडून गळ्यात घातल्या. ती खाजकुयली होती. तो चोळत गेला तशी लव मानेवर, हातावर, पोटावर पसरली, आणि मीही घाबरून त्याला रुमालाने पुसलं, ते आणखी वाईट. तो तासभर रडत होता. तेव्हापासून माझ्या पिशवीत चिकटपट्टीचं रीळ असतं. चोळायचं नाही, पट्टी हलकेच टेकवून लव उचलायची, कपडे बदलायचे, मग भरपूर पाणी. आणि जागा नवी असेल तर आदल्या दिवशी मी स्वतः जाऊन बघून येते. मोगली एरंड, गुंज, बिट्टी, कळलावी आणि कण्हेर ही पाच विषारी झाडंही ओळखायला शिका. मोगली एरंडाच्या चिकाचे फुगे उडवायला मजा येते, पण त्याच्या बिया खाल्ल्या तर मुलांना उलट्या-जुलाब होतात. आमचा नियम एकच: मोठ्यांना दाखवल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही.

फेब्रुवारी-मार्चमध्ये काटेसावर आणि पळस फुलतात, तांबट दिवसभर टुक-टुक करत असतो. एप्रिल-मेमध्ये सकाळी सहाला टेकडीच्या पायथ्याशी जमा आणि साडेआठला खाली या. तेव्हा सगळं वाळलेलं असतं म्हणून लोक गट बंद करतात, पण कोरड्या भुसभुशीत मातीतले नरसाळ्यासारखे छोटे खड्डे तेव्हा दिसतात. तळाशी एक किडा दडून बसलेला असतो. मुंगी घसरली की तो खालून माती उडवतो आणि तिला धरतो. एकदा चार मुलं अशा एका खड्ड्याभोवती ४० मिनिटं हलली नाहीत. हाच पुढे पंख फुटून चतुरासारखा उडतो, हे त्यांना अजून खरं वाटत नाही.

सापांबद्दल. टेकडीवर साप आहेत, हे पालकांना स्पष्ट सांगा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांची चित्रं मुलांना आधीच दाखवून ठेवा. मोठा दगड मोठ्यांनीच काठीने उलटायचा. फटीत हात घालायचा नाही, उंच गवतात पुढे मोठ्या माणसाने काठी आपटत चालायचं. चावा झालाच तर कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही, मुलाला चालवायचं नाही, उचलून थेट दवाखान्यात. सापाचं प्रतिविष कुठल्या रुग्णालयात मिळतं ते आधीच विचारून ठेवा. पण माझ्या मते टेकडीवर सापापेक्षा जास्त भीती आहे ती दगडाच्या खाणीत साचलेल्या पाण्याची. पावसाळ्यात काठ निसरडे होतात आणि खोली कळत नाही. आमची जागा तिथून मुद्दाम लांब निवडली आहे. झाडावर आग्या मोहोळ दिसलं तर ते जाईपर्यंत जागा बदला.

पाच मुलांमागे एक मोठा माणूस, आणि त्याचा मोबाईल पिशवीत. तुमच्याकडे १५ मुलं आहेत, पण पहिल्या पावसाळ्यात सहाच न्या. ती सहा जण दिवाळीपर्यंत त्या जागेची मालक होतील. मग बाकीची नऊ आणा, म्हणजे कुठे काय आहे हे नव्या मुलांना तुम्हाला सांगावं लागणार नाही.