एकट्या फ्लूटवर पोट भरेल का?

नाशिकच्या एका आईंचं पत्र आलंय. मुलगी बारावी सायन्सला आहे, लहानपणापासून वेस्टर्न फ्लूट शिकतेय, ट्रिनिटी या लंडनच्या परीक्षा मंडळाची आठवी ग्रेड झालीय. गेल्या वर्षापासून तिला एकच वेड लागलंय: विसाव्या शतकात पियानोच्या साथीशिवाय, नुसत्या एका फ्लूटसाठी लिहिलेल्या रचना, आणि त्यातही फारसं कुणी वाजवत नाही अशा. ‘खोलीतून नुसते श्वासाचे आणि टकटक असे आवाज येतात,’ असं आई लिहितात. मुलीला यातच करिअर करायचंय. वडील म्हणतात, आधी बी.ई. कर, मग काय फुंकायचं ते फुंक. मुलीनं केलेली रचनांची यादीही त्यांनी सोबत जोडली आहे.

नमस्कार ताई,

ती टकटक बहुधा एडगर व्हारेझच्या ‘डेन्सिटी २१.५’ची असावी. जॉर्ज बारेर या वादकाच्या प्लॅटिनमच्या फ्लूटसाठी १९३६ साली लिहिलेली ही रचना. २१.५ ही प्लॅटिनमची घनता, हे तुमच्या सायन्सवाल्या लेकीनं एव्हाना घरात सांगितलं असेलच. तिच्यात मध्येच एक जागा येते, जिथे सूर अगदी हळू फुंकायचे आणि त्याच वेळी बोटांनी कळा आपटायच्या. सूर मागे पडतो आणि ठोका पुढे येतो. वाद्य बिघडलेलं नाही, काळजी नसावी.

यादी मी नीट वाचली. ‘डेन्सिटी’ काय किंवा देबुसीची ‘सिरिंक्स’ (१९१३) काय, या दुर्मीळ म्हणाव्यात अशा नाहीत. फ्लूटचा प्रत्येक गंभीर विद्यार्थी कधी ना कधी त्या वाजवतोच. पण पुढची नावं वाचून मी सरसावून बसलो. हिंडेमिटचे १९२७चे आठ छोटे तुकडे, जोलिव्हेचे १९३६चे पाच मंत्र, पेत्रासीचं १९६९चं ‘सूफ्ल’. जोलिव्हेचा पहिला मंत्र वाटाघाटींना आलेल्यांच्या स्वागतासाठी आहे, भेट शांततेत पार पडावी म्हणून. तुमच्या घरी सध्या तोच वाजवायला घ्यावा. ‘सूफ्ल’चं मात्र तिला विचारा: एकाच वादकानं पिकोलो (छोटी, उंच सुरांची), साधी फ्लूट आणि आल्टो (मोठी, खालच्या सुरांची) अशी तीन वाद्यं वाजवायची असतात त्यात. आल्टो फ्लूट कुठून आणणार, हा हिशेब तिनं केलाय का?

आता मुद्द्याचं. या रचना ज्यांच्यासाठी लिहिल्या गेल्या, ती माणसं पोटासाठी काय करत होती, हे मुलीला शोधायला लावा. बारेर न्यूयॉर्क सिंफनीत पहिल्या फ्लूटच्या खुर्चीवर वर्षानुवर्षं बसले होते. इटालियन रचनाकार बेरिओनं १९५८ साली ‘सेक्वेन्झा १’ लिहिली ती सेव्हेरिनो गाझेलोनीसाठी, आणि गाझेलोनी रोमच्या आकाशवाणी वाद्यवृंदात नोकरीला होते. जपानी रचनाकार ताकेमित्सूनं १९९५ साली ‘एअर’ लिहिलं ते ओरेल निकोले या वादकाच्या सत्तरीनिमित्त. निकोले आधी बर्लिन फिलहार्मोनिकमध्ये होते, मग फ्रायबुर्गला शिकवत. म्हणजे हे संगीत पगारी वाद्यवृंदातल्या किंवा शिक्षकाच्या खुर्चीवर बसलेल्या माणसांच्या हातात वाढलं. उलट उदाहरण द्यायचं तर अमेरिकेतल्या रॉबर्ट डिकचं. त्यानं फ्लूटच्या नव्या आवाजांवरच आयुष्य उभं केलं. पण तो स्वतः रचनाकार आहे, १९७५ साली त्यानं त्या आवाजांवर पुस्तक लिहिलं, आणि शिकवणं त्यालाही चुकलं नाही.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर: ‘दुर्मीळ रचना वाजवणारी’ अशी जागा कुठे निघत नाही. जागा निघते फ्लूटवादकाची किंवा फ्लूट शिक्षिकेची. आपल्याकडे त्याही थोड्या. मुंबईचा सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, पण त्यातले बरेच वादक परदेशातून येतात. सैन्यदलांच्या बँडना फ्लूटवादक लागतात. बाकी स्टुडिओची कामं, इंटरनॅशनल शाळा आणि ग्रेडच्या शिकवण्या. शिकवण्यांवर महिना निघतो, नावं ठेवू नयेत.

बाहेर जायचं म्हटलं तर जर्मनी बघा. तिथल्या बहुतेक सरकारी संगीत विद्यापीठांत शिकवणी फी नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात मात्र युरोपबाहेरच्यांना सत्राला १५०० युरो पडतात. व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे साधारण १२ हजार युरो खात्यात अडकवून दाखवावे लागतात. जर्मन भाषा बहुतेक ठिकाणी बी१ किंवा बी२ पातळीची, म्हणजे मधल्या टप्प्याची, मागतात. पण मुलं खरी अडतात ती प्रवेश परीक्षेच्या दुसऱ्या अर्ध्या भागात: ऐकून सूर लिहिणं, संगीताचं व्याकरण आणि जोडवाद्य म्हणून पियानो. तुमच्या पत्रात पियानोचा उल्लेखच नाही, आणि मला सगळ्यात जास्त तेच खटकलं.

आणि मोत्सार्ट. फ्लूटच्या प्रवेश परीक्षेला त्याच्या जी किंवा डी मेजरच्या कॉन्चेर्तोचा (वाद्यवृंदासोबत वाजवायच्या रचनेचा) पहिला भाग हमखास मागतात. जोलिव्हे कितीही सुंदर वाजवला तरी मोत्सार्टमध्ये सूर हलला की पुढचं ऐकून घेत नाहीत. तो स्वच्छ झाला, तर मात्र तिचं वेड तिच्या कामी येईल, कारण बाकीचे उमेदवार ठरलेल्या चार रचना घेऊन आलेले असतात. शिवाय आपल्याकडे पियानोची साथ करणारा चांगला माणूस मिळणं मुश्किल, मिळाला तर महाग. एकट्या फ्लूटच्या रचनांना ही अडचणच नाही. मोत्सार्ट आणि या नव्या रचना यांच्यामधला पूल म्हणून कार्ग-एलर्टची तीस कॅप्रिस, म्हणजे एकट्या फ्लूटसाठीचे छोटे सरावतुकडे, धरावीत. पहिल्या महायुद्धाच्या काळात लिहिलेली. तंत्र घोटून घेतात आणि कानाला नव्या सुरांची सवय लावतात.

बी.ई.बद्दल बाबांशी मी सहमत नाही. सबमिशनं आणि केटी सांभाळत रोज चार तास रियाज होत नाही, आणि फ्लूटला ओठांची ताकद टिकवायला तेवढा लागतो. त्यांची पैशाची धास्ती मात्र रास्त आहे. तेव्हा असं ठरवा: बारावी नीट व्हावी, मग दोन वर्षं. त्यात हलकी बी.ए., पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनाचे जर्मनचे वर्ग, पियानो, आणि दोन्ही वर्षी प्रवेश परीक्षा. दोन्हीदा नकार आला तर बी.ए. पुरी करून शिकवणीचा रस्ता, आणि यावर घरात पुन्हा भांडण नको.

तोवर एक काम. मोत्सार्टचा पहिला भाग, कार्ग-एलर्टची दोन कॅप्रिस आणि यादीतली तिच्या आवडीची एक रचना, असं सलग, मध्ये न कापता मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि तिच्या सरांव्यतिरिक्त दुसऱ्या एखाद्या जाणत्या फ्लूटवादकाला फी देऊन ऐकवा. तो काय म्हणतो ते लिहून घ्या आणि मग मला भेटायला या. येताना बाबांनाही आणा; १२ हजार युरोंचं गणित त्यांच्यासमोरच मांडावं लागेल.